मध्यंतरात टेबल लावा

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की स्वतःच्या गाण्यांची सीडी काढण्यात आजही अर्थ आहे, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये. प्रश्न थोडे छोटे केलेत, एक पत्र तर सात पानांचं होतं, पण वाचलं सगळं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

ताई, नमस्कार. मी नाशिकचा, वय २७, स्वतः मराठी गाणी लिहितो आणि गिटारवर गातो. आठ गाणी रेकॉर्ड करून झालीत, एकूण ४१ मिनिटं. अ‍ॅपवर टाकणार आहेच पण हातात धरता येईल असं काहीतरी पण हवंय. मित्र म्हणतात वेडा झालास का, सीडी प्लेअर आहे कोणाकडे? एका ठिकाणी ३०० सीडींचा कोट मिळालाय, बुकलेटसकट नगाला १२० रुपये. एलपीचं, म्हणजे मोठ्या काळ्या तबकडीचं, विचारलं तर १०० नगांना दीड लाखाच्या वर सांगतात. माझ्याकडे ६० हजार आहेत. काय काढू, आणि विकू कुठे?

सीडी काढ. एलपीचा विचार या खेपेला सोडून दे. किती काढायच्या ते पुढे सांगते.

तुझे मित्र खोटं बोलत नाहीयेत. घराघरातला सीडी प्लेअर माळ्यावर गेलाय, नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, नवीन गाडीत ब्लूटूथ नाहीतर यूएसबी. आणि दुकानांचं म्हणशील तर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं, तिथे तासन्‌तास उभं राहून ऐकणारी आमची पिढी त्या दिवशी खरंच रडली होती. मग तरीही सीडी काढ असं मी का सांगतेय? कारण मी कार्यक्रमांना टेबलाच्या मागे उभी राहून बघत आलेय की लोक काय करतात. मागच्या हिवाळ्यात डोंबिवलीत एक बाई टेबलापाशी आल्या, सीडी उलटीपालटी करून पाहिली, विचारलं आत शब्द आहेत का, मी बुकलेट काढून दिलं, तर त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि तिथे गर्दीत धक्के खात उभ्या उभ्या तिसरं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, आमच्याकडे लावायला काही नाही हो, पण आई अंथरुणाला खिळून आहे, तिला वाचून दाखवीन आणि मोबाइलवर लावून देईन. दोन घेतल्या. एक बहिणीला.

म्हणजे त्या बाईंनी विकत काय घेतलं ते बघ. गाणं त्यांनी आत्ताच ऐकलं होतं आणि फोनवर ते मिळणारच होतं. त्यांना शब्द हवे होते, कोणी लिहिलं कोणी वाजवलं ते हवं होतं, आणि त्या संध्याकाळचं काहीतरी घरी न्यायचं होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की सीडी लोकांपर्यंत पोचायला काढू नकोस, पोचायचं काम फोन करतोय, जे तुझ्यापर्यंत चालत आलेत त्यांच्या हातात द्यायला काढ. हे एकदा डोक्यात बसलं की किती काढायच्या, आत काय घालायचं, कुठे विकायच्या हे सगळं आपोआप सुटत जातं.

आधी बुकलेट, कारण खरा खर्च आणि खरी मेहनत तिथे कर. ज्युवेल केस म्हणजे ती प्लास्टिकची डबी नको, पोस्टात तिचे बिजागरीचे कान हमखास तुटतात आणि मधले दात मोडून सीडी आत खुळखुळते. पुठ्ठ्याचा डिजिपॅक किंवा साधा जाड स्लीव्ह घे. बुकलेटचं पान १२ सेंटिमीटर बाय १२ सेंटिमीटर, तेवढ्यात देवनागरी ९ पॉइंटच्या खाली नेऊ नकोस, वाचणाऱ्यांचे चष्मे आठव. आठही गाण्यांचे पूर्ण शब्द, प्रत्येक गाण्याखाली कोणी काय वाजवलं, आणि जमलं तर गाणं कसं सुचलं त्याच्या दोन ओळी. आणि हे नीट ऐक, प्रेसला फाइल देताना सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून दे. आपल्याकडे बरेच प्रेसवाले कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, तुझा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसला की जोडाक्षरं फुटतात, ‘विठ्ठल’चा ठ्ठ सुटा होतो, ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचं काहीतरी भलतंच होऊन बसतं, आणि ते ३०० वेळा छापलं जातं. कर्व्ह केल्यावर सुद्धा एक प्रत कागदावर काढून मोठ्याने वाच. स्क्रीनवर वाचून चालत नाही, डोळा पुढे पळतो.

आता डिस्क. तुला ज्यांनी ३०० चा कोट दिलाय त्यांना सरळ विचार की प्रेस करून देणार का बर्न करून. प्रेस केलेल्या सीडीत काचेच्या मास्टरपासून साचा बनवतात आणि पॉलिकार्बोनेटमध्ये ते खड्डे दाबून उमटवतात, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर. बर्न केलेली म्हणजे सीडी-आर, तिच्यात रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर लिहितात, तो थर ऊन आणि उष्णतेने खराब होत जातो. ओळखायचं कसं, तर खालची बाजू बघायची, प्रेस केलेली स्वच्छ चंदेरी असते आणि बर्न केलेलीत बहुतेक वेळा निळसर हिरवट झाक दिसते. मला २००९ मध्ये एकाने प्रेसचे पैसे घेऊन बर्न केलेल्या दिल्या, मला तेव्हा फरक कळत नव्हता, आणि तीन वर्षांनी रत्नागिरीहून एका शिक्षकांनी सीडी परत पाठवली, सोबत चिठ्ठी की पाचवं गाणं अडकतंय, दुसरी द्याल का. मी दुसरी पाठवली, तीही सहाव्या गाण्याला अडकली. ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. थोड्या प्रतींसाठी बर्न करणं यात वाईट काही नाही, प्रेसिंगला कमीत कमी संख्या जास्त लागते, पण तू काय घेतोयस ते तुला माहीत पाहिजे आणि बर्न करून घेणार असलास तर चांगल्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क घ्यायला लाव, त्यांच्यावर कागदी स्टिकर चिकटवू नकोस, फिरताना तोल जातो आणि गोंदाने वरचा थर खराब होतो. मास्टर, म्हणजे गाण्यांची अंतिम फाइल, देताना १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झचाच दे, सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तेच प्रमाण आहे. सीडी-टेक्स्टमध्ये, म्हणजे प्लेअरच्या स्क्रीनवर जी नावं दिसतात त्यांत, गाण्यांची नावं रोमनमध्ये टाक, देवनागरी तिथे चालत नाही, जुन्या गाडीच्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतील.

आणि मागच्या पानावर एक क्यूआर कोड हवाच, ज्यांच्याकडे प्लेअर नाही त्यांनी तो स्कॅन केला की गाणी डाउनलोड झाली पाहिजेत. फक्त फुकटच्या साइटवरचा तात्पुरता कोड घेऊ नकोस, वर्षभरात ती साइट पैसे मागायला लागते नाहीतर बंद होते आणि छापलेला कोड काही बदलता येत नाही. स्वतःच्या डोमेनची लिंक घे, पुढे फाइल कुठेही हलवलीस तरी कोड तोच राहतो.

हिशोब करू. ३०० गुणिले १२० म्हणजे ३६ हजार. ४०० रुपये किंमत ठेवलीस तर ९० सीडी विकल्यावर खर्च निघाला. ४०० जास्त वाटतात का? थिएटरच्या कँटीनमध्ये दोघांचं चहा वडा आणि येण्याजाण्याची रिक्षा यातच तेवढे जातात, आणि हे काम तर तुझं दोन वर्षांचं असेल. आता प्रामाणिकपणे मोज, गेल्या वर्षात तुझ्या कार्यक्रमांना मिळून किती माणसं आली? हजारभर आली असतील तर ३०० काढ. दोन तीनशेच येत असतील तर १०० किंवा १५० काढ, नगामागे थोडं महाग पडेल पण घरात खोकी राहणार नाहीत. साथीदारांना प्रत्येकी ५ फुकट द्यायच्या त्या आधीच बाजूला काढ. नातेवाइकांना फुकट वाटू नकोस, हे मी फार कळकळीने सांगतेय, फुकट दिलेली सीडी कोणी उघडत नाही.

छापायच्या आधीच पैसे उभे करता येतात आणि ती रीत आपल्याकडे जुनी आहे, मराठी प्रकाशक पुस्तकाला प्रकाशनपूर्व सवलत देतात ना, तेच कर. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्यांना लिही की अमुक तारखेपर्यंत ३००, नंतर ४००, यूपीआयने पैसे पाठवा आणि पत्ता द्या. चाळीस जणांनी जरी पाठवले तरी १२ हजार झाले आणि तुला कळलं की किती जणांना खरंच हवीय. तो पैसा वेगळा ठेव आणि दिलेली तारीख पाळ, पाळता येत नसेल तर आधी कळव. प्रकाशन सोहळ्याचं मात्र मनात असेल तर थांब. हॉलचं भाडं, शाल श्रीफळ, पाहुण्यांचा प्रवास, रंगीत कागद सोडवतानाचा फोटो, यात तुझे उरलेले २४ हजार एका संध्याकाळी जातील. त्याऐवजी कोणाच्या तरी मोठ्या हॉलमध्ये, वाचनालयात, कॅफेत, चाळीस पन्नास माणसांसमोर सहा कार्यक्रम कर.

आणि तिथे मध्यंतरात टेबल लाव. शेवटी नाही. हे मला शिकायला फार वर्षं लागली. शेवटचं गाणं झालं की लोकांना शेवटची लोकल असते, पार्किंगमधून गाडी काढायची असते, कोणाला मुलांना घरी न्यायचं असतं, टाळ्या वाजवत वाजवतच ते दाराकडे निघालेले असतात. मध्यंतरात ती माणसं हातात चहा घेऊन उभी असतात आणि त्यांना वेळ असतो. मध्यंतराच्या आधीच्या गाण्यापूर्वी स्टेजवरून एकदा सांग, लाजू नकोस, की बाहेर सीडी आहे, आत शब्द आहेत, मी येतोय. टेबलावर पैसे घ्यायला दुसरं कोणीतरी बसव, यूपीआयचा कोड ए-फोर कागदावर मोठा छाप, शंभरच्या सुट्या नोटा ठेव, एक प्रत फोडून उघडी ठेव म्हणजे लोक बुकलेट चाळतील. आणि तू जवळ उभा राहा, मार्कर घेऊन. सही करताना नाव विचार, आणि त्यांनी काही सांगायला सुरुवात केली तर ऐक. पुण्यात सवाई गंधर्वला डिसेंबरच्या थंडीत लोक स्टॉलपाशी रेंगाळतात ते बघितलं असशील तर कळेल मी काय म्हणतेय.

एलपीबद्दल. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा एलपीचे नग जास्त विकले गेले, १९८७ नंतर पहिल्यांदा, आणि ती बातमी वाचून आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना एलपी काढायचं मनात आलंय. मलाही एलपी प्रिय आहे. पण तिथे मोठ्या नावांचा त्यात भला मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे टर्नटेबल असलेली माणसं सीडी प्लेअरवाल्यांहूनही थोडी. शिवाय एलपीला वेगळं मास्टरिंग लागतं, एका बाजूला वीस बावीस मिनिटांच्या पुढे गेलं की आवाज बारीक करावा लागतो, आणि आतल्या रेघांकडे जाताना गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागतात. तुझी ४१ मिनिटं दोन बाजूंत बसतील, पण काठोकाठ. दुसरा अल्बम होऊ दे, तेव्हा बोलू. तोपर्यंत ती आठ गाणी कुठली आधी कुठली नंतर हे मात्र एलपी असल्यासारखंच ठरव, चौथं गाणं संपल्यावर माणूस उठून बाजू बदलणार आहे असं समजून.

मॅडम, मी सोलापूरची, आमचं महिला भजनी मंडळ आहे. आम्हाला दहा अभंगांची सीडी काढून वारीच्या आधी गावात द्यायची आहे, १०० रुपयांना. तुकाराम महाराजांचे अभंग तर सगळ्यांचेच, मग परवानगी लागते का? एकजण म्हणाले केस होईल, सगळ्याजणी घाबरल्यात.

घाबरू नका, पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघा, शब्द आणि चाल. शब्द खरोखरच सगळ्यांचे आहेत. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे तुकोबा, नामदेव, जनाबाई यांचा प्रश्नच नाही, १९४१ मध्ये गेलेल्या भा. रा. तांब्यांच्या कवितासुद्धा मोकळ्या झाल्यात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितेला मात्र २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणारच.

चाल मात्र चाल लावणाऱ्याची असते. तुम्ही दहा अभंगांची यादी पाठवलीत त्यातले निदान चार तुम्ही रेडिओवरच्या प्रसिद्ध चालीत म्हणता असं पत्रावरून वाटतंय, आणि रेडिओवर लहानपणापासून ऐकलेली चाल आपल्याला पारंपरिकच वाटायला लागते, ती असते एखाद्या संगीतकाराची आणि हक्क बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे. दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात काढण्यासाठी कॉपीराइट कायद्यात ३१सी हे कलम आहे, मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली हवीत आणि आगाऊ नोटीस द्यायची, पण त्यात रॉयल्टी धरतात ती दरवर्षी कमीत कमी ५० हजार प्रतींची. तुम्ही काढणार २०० प्रती. म्हणजे तो रस्ता तुमच्यासाठी नाही. ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिला पत्र लिहून परवानगी मागता येते, उत्तर यायला वेळ लागतो आणि वारी कोणासाठी थांबत नाही.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. तुमच्या मंडळात म्हाताऱ्या बायका असतील ना, त्यांच्या आईकडून सासूकडून आलेल्या चाली असतील, पंढरीच्या वाटेवर टाळावर म्हणतात त्या, ज्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही. त्या घ्या. ते चार अभंग त्या चालीत बसवा नाहीतर तुमच्यातलीच कोणी नवी चाल लावू दे. आणि बुकलेटमध्ये छापा की ही चाल अमक्या गावच्या अमक्या आजींकडून शिकलो. रेडिओवरची चाल सगळ्यांकडे आहेच, तुमच्या गावची चाल फक्त तुमच्याकडे आहे आणि त्या आजी गेल्या की ती जाईल. एखाद्या आजींचा आवाज थरथरत असला तरी एक कडवं त्यांच्याच आवाजात ठेवा. माझ्या मते तुमची सीडी त्या एका कडव्यासाठी काढायला हवी.

आणखी एक, त्याच कायद्यातलं कलम ५२अ. सीडीवर आणि वेष्टनावर दोन्हीकडे रेकॉर्डिंग करवणाऱ्याचं नाव पत्ता, हक्क ज्याचा त्याचं नाव पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. नाही छापलं तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे, म्हणून सांगतेय, मंडळाचं नाव पत्ता आणि वर्ष दोन्हीकडे घाला. तीन ओळींचं काम आहे.

मी तबला वाजवतो, बेळगावचा. मित्राच्या अल्बममध्ये सहा गाण्यांना वाजवलं, मैत्रीत, पैसे घेतले नाहीत. अल्बम आला तेव्हा अ‍ॅपवर फक्त त्याचं नाव. सीडी काढली त्यावरही मागे फक्त स्टुडिओचं नाव. बोलू की नको? मैत्री तुटेल असं वाटतं.

दादा, बोला. आणि तुमचं पत्र वाचून मला जे वाटलं ते इथे लिहितेय, कारण असं पत्र मला वर्षाला चार तरी येतात, तबलजींची, हार्मोनियमवाल्यांची, टाळवाल्यांची, कोरसमधल्या मुलींची.

भारतातल्या अगदी पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या १९०२ मध्ये कलकत्त्यात, त्यांतल्या काही गायिका गौहर जानच्या आवाजात. तिच्या ध्वनिमुद्रणांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते ऐकलं असेल तुम्ही. त्याचं कारण असं की मास्टर जर्मनीत हॅनोव्हरला जायचे तबकड्या दाबायला, तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं म्हणून नाव बोलून ठेवायचे. गाणारीचं नाव असं राहिलं. तिच्या मागे जे वाजवत होते त्यांनी नाव बोललं नाही, आणि पुढे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या लेबलांवरही साथीदारांची नावं बहुतेक नसायचीच. माझ्याकडे घरी वडिलांच्या काळातल्या काही आहेत, एकीवर तबला असा सुंदर वाजलाय की मी तो पंचवीस वर्षं ऐकतेय आणि कोणाचा हात आहे ते मला आजही माहीत नाही. तेव्हा लेबल वितीएवढं पण नसायचं. आता अख्खं बुकलेट असतं, तरी नाव नाही?

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलम ३८ब आलं, त्यानुसार वाजवणारा हा परफॉर्मर आहे आणि आपल्या वादनाशी आपलं नाव जोडलं जावं हा त्याचा हक्क आहे, पैसे घेतले की नाही याचा याच्याशी संबंध नाही. पण कायद्याने सुरुवात करू नका. मित्राला भेटा, फोनवर नको, चहाला बोलवा आणि सरळ सांगा की मला वाईट वाटलं. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा समोरच्याच्या लक्षातच आलेलं नसतं, अ‍ॅपवर गाणी चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरताना मुख्य कलाकाराचं नाव टाकलं आणि खालचे रकाने मोकळे सोडले. ते रकाने नंतरही भरता येतात. सीडीचं म्हणाल तर उरलेल्या प्रतींमध्ये छापील चिठ्ठी घालता येते, शंभर चिठ्ठ्यांना किती खर्च येणार. त्याने ते केलं तर मैत्री वाढेल. नाही केलं तर पुढच्या वेळी स्टुडिओत शिरण्याआधी एका कागदावर लिहून घ्या, नाव कुठे कुठे येणार, मानधन किती, प्रती किती मिळणार. मित्र असला तरी. मित्र असला तर जास्तच.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्या गायकांना, मास्टर पाठवण्याआधी एक कागद घ्या आणि त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत जे जे होते त्यांची नावं लिहा, तानपुरा छेडणाऱ्या शिष्येसकट, आणि प्रत्येकाला फोन करून नावाचं स्पेलिंग विचारा. अर्धा तास लागतो.

मी ७१ वर्षांचा, ठाण्यात राहतो. घरी चारशेच्या वर सीडी आहेत, प्लेअर चालू आहे. नवीन मुलांचं ऐकायची इच्छा आहे. मी फोनवर ऐकलं तर त्यांना काही मिळतं का, का सीडीच घ्यावी? आणि घ्यायची कुठून, दुकानं उरली नाहीत.

काका, तुमच्यासारखे श्रोते आहेत म्हणून हे सदर लिहायला मजा येते. फोनवर ऐकलंत तर मिळतं, पण फार थोडं, आणि लहान कलाकाराला कधी कधी काहीच नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत निदान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसे धरलेच जात नाहीत. आमच्या नाशिकच्या मुलाच्या आठ गाण्यांपैकी दोन तीन तो आकडा गाठतील, बाकीच्यांचं शून्य. याउलट तुम्ही त्याच्याकडून एक सीडी ४०० ला घेतलीत तर खर्च वजा जाता २८० त्याच्या हातात, त्याच दिवशी.

बँडकॅम्प नावाची एक साइट आहे, २००८ पासून, तिथे कलाकार स्वतःच गाणी आणि सीडी दोन्ही ठेवतो, सीडीसारख्या वस्तूंवर साइट १० टक्के घेते आणि डाउनलोडवर १५. परदेशातल्या मराठी माणसांना ते सोयीचं पडतं. पण पैसे पेपालमार्फत जातात आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे देणं घेणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलंय, त्यामुळे ठाण्यातून नाशिकच्या मुलाचं घ्यायला तुम्हाला त्रासच होईल. सोपा मार्ग म्हणजे गाणं आवडलं की त्याला सरळ मेसेज करा, सीडी आहे का, पत्ता देतो. यूपीआय करा, आठवड्यात पोस्टाने येईल. आणि ऐकून झाल्यावर दोन ओळी कळवा, कुठलं गाणं आवडलं, कुठलं नाही. तुमच्या चारशे सीडींच्या जिवावर तुम्ही जे सांगाल ते त्या मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आणि तो चालू प्लेअर जपा, आतली लेन्स ब्लोअरने साफ करा, कापूस स्पिरिट लावू नका. चारशेपैकी ज्यांची खालची बाजू निळसर हिरवी आहे त्या आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, नातवाला सांगा, ड्राइव्ह वेगळा विकत मिळतो. पावसाळ्याच्या आत झालं तर बरं.

मी आणि माझी मैत्रीण, कोल्हापूर. कॅसेट काढली तर? जुन्या कॅसेटची खूप आवड आहे आम्हाला, लोक घेतील असं वाटतं.

घेतीलही, दिसायला ती फार गोड असते आणि तुमच्या वयाच्या मुलांना तिचं कौतुक आहे. पण घेणाऱ्यांपैकी वाजवू शकणारे हातावर मोजण्याइतके, आणि चांगल्या अवस्थेतला डेक सांगलीत कोल्हापुरात शोधायला गेलात तर जुना बाजार पालथा घालावा लागेल. ३० ४० प्रती घरीच डेकवर एकेक करून रेकॉर्ड करा, कोरी सी-६० घेतलीत तर बाजूला ३० मिनिटं मिळतात, आणि एकेक करायची म्हणजे ४० प्रतींना ४० तास धरा. मला स्वतःला ते काम फार आवडायचं, ९० च्या दशकात मी आणि माझी बहीण रात्री स्वयंपाकघरात दोन डेक जोडून बसायचो, एक बाजू संपली की ती उठायची, दुसरी संपली की मी. आतल्या कागदावर हाताने लिहायचो. तुमचं अक्षर चांगलं आहे, पत्रावरून दिसतंय, तर तुम्हीही हातानेच लिहा. डाउनलोडचा कोड आत घाला. झाली की एक मला पोस्टाने पाठवा, पैसे देऊन घेईन.